दातांच्या तारा : हाडाचे काम आणि रुग्णाचे काम

दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा, तंतूंनी विणलेला एक पडदा असतो. वाकडे दात तारा लावून सरळ करता येतात ते या पडद्यामुळे. तार दातावर हलका दाब देते. दात ज्या दिशेला ढकलला जातो त्या बाजूचा पडदा दाबला जातो आणि तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी जमतात. या पेशी हाडाचा थर हळूहळू कमी करतात. उलट बाजूला पडदा ताणला जातो आणि तिथे हाड घडवणाऱ्या पेशी नवा थर चढवतात. पुढचे हाड हटते, मागचे भरून येते आणि मधला दात सरकतो. कार्ल सँडस्टेड या स्वीडिश दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कुत्र्यांच्या दातांवर तारा बसवून, नंतर ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे दाखवून दिले.

हाडाची ही घडामोड महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतक्याच वेगाने होते. तार जास्त घट्ट केली तर उपचार लवकर संपेल, ही समजूत उलटी आहे. दाब फार वाढला की पडद्यातला रक्तपुरवठाच तुटतो, तिथल्या पेशी मरतात, दात काही काळ जागीच अडकतो आणि मुळाला इजा होण्याची भीती वाढते. सामान्य उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात ती यामुळे. लग्न ठरल्यावर ‘चार महिन्यांत दात सरळ करून द्या’ म्हणत येणाऱ्या घरांची संख्या आपल्याकडे कमी नाही. पण हाडाला मुहूर्त कळत नाही.

दातांवर हलका आणि सतत दाब कसा ठेवायचा, याच प्रश्नाभोवती या शाखेचा इतिहास फिरतो. फ्रान्समधील पिएर फोशार याने १७२८च्या आपल्या ग्रंथात धातूच्या अर्धगोल पट्टीला दोऱ्याने दात बांधण्याची रीत नोंदवली. अमेरिकेतील एडवर्ड अँगल याने १८९९ मध्ये वरच्या-खालच्या पहिल्या कायम दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले. ते आजही वापरले जातात. त्या काळी दातांभोवती धातूची कडी चढवावी लागत. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर याने आम्ल लावून इनॅमल खरखरीत केले तर त्यावर कृत्रिम पदार्थ पक्का चिकटतो हे दाखवले आणि त्यातूनच पुढे तार धरणारे छोटे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत साठच्या दशकात वेगळ्याच कामासाठी अभ्यासला जात होता. बराच वाकवला तरी हा धातू मूळ आकाराकडे परततो आणि परतताना फार जोर लावत नाही. पुढच्या दशकात त्याच्या तारा दातांसाठी वापरात आल्या. आज पहिल्या भेटीत बसवली जाणारी बारीक, लवचीक तार बहुधा याच धातूची असते.

दात वाकडे येण्याचे सर्वांत मोठे कारण आनुवंशिक असते. जबडा लहान आणि दात रुंद अशी जोडी जमली की दातांवर दात चढतात. उलट झाले की फटी राहतात. काही कारणे मात्र घरातच तयार होतात. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ असे म्हणून किडलेल्या दुधाच्या दाढेकडे दुर्लक्ष होते. ती दाढ वेळेआधी काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायम दाताची जागा अडते. अशा वेळी ‘स्पेस मेंटेनर’ नावाची साधी तारेची कडी बसवून जागा राखता येते आणि पुढचा मोठा उपचार कधीकधी टळतो. चार-पाच वर्षांनंतरही चालू असलेली अंगठा चोखण्याची सवय, गिळताना जीभ पुढे ढकलणे, नाक सतत चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे यांचाही दातांवर आणि जबड्यावर परिणाम होतो.

पहिली तपासणी वयाच्या सातव्या वर्षाच्या आसपास व्हावी, असे अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सुचवते. तोपर्यंत पहिल्या कायम दाढा आणि काही पटाशीचे दात आलेले असतात आणि जबड्याची ठेवण कळते. सातव्या वर्षी तपासायचे म्हणजे सातव्या वर्षी तारा लावायच्या असे नव्हे. आठ ते अकरा या वयात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात आणि आईवडील घाबरतात. सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी खाली उतरले की यांतील बऱ्याच फटी आपोआप मिटतात. बहुतेक मुलांमध्ये तारांचा उपचार साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. खालचा जबडा मागे राहिलेला असेल तर मात्र उंची झपाट्याने वाढण्याचा काळ महत्त्वाचा. त्या वयात काढता-घालता येणाऱ्या जोडपट्ट्या वापरून दातांची आणि जबड्याची जुळणी सुधारता येते. तो काळ हुकला आणि दोष मोठा असला, तर वाढ थांबल्यावर शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो.

प्रौढांनाही तारा लावता येतात. वयापेक्षा हिरड्यांची आणि हाडाची प्रकृती महत्त्वाची. हिरड्यांचा आजार चालू असताना दात हलवले तर उरलेले हाडही जाते, म्हणून आधी तो आजार आटोक्यात आणावा लागतो. मधुमेह, गर्भारपण, हृदयाच्या झडपेचा विकार, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, निकेलची ॲलर्जी यांपैकी काहीही असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

हा उपचार करणारा तज्ज्ञ म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. बीडीएस झाल्यावर त्याने या विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेले असते. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. खासगी दवाखान्याच्या मानाने तिथे खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. उपचाराआधी दातांचे साचे किंवा स्कॅन, छायाचित्रे, सगळ्या दातांचा एक एक्स-रे आणि चेहऱ्याच्या बाजूचा एक एक्स-रे घेतला जातो. हे सर्व न करता पहिल्याच दिवशी तारा चिकटवायला निघालेल्या दवाखान्यातून उठून यावे हे बरे.

दात काढावे लागतील हे ऐकून बहुतेक घरे बिचकतात. हा वाद या शाखेइतकाच जुना आहे. अँगल दात काढण्याच्या कडक विरोधात होता. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड पुढे दात न काढता केलेले आपले रुग्ण पुन्हा तपासून उलट निष्कर्षाला आला. आज जागेचा हिशेब करून निर्णय होतो. दात फारच दाटीत असतील किंवा ओठ मिटत नाहीत इतके पुढे आले असतील, तर सुळ्यांमागच्या चार उपदाढा काढतात आणि ती जागा उपचारात भरून येते. वरचा दात काढला की नजर कमी होते, ही आपल्याकडची जुनी भीती निराधार आहे. वरच्या दातांची संवेदना वाहणारी नस आणि डोळ्याची दृष्टीची नस या दोन पूर्ण वेगळ्या नसा आहेत.

ब्रॅकेट बसवणे हे स्वतः दुखवणारे काम नाही. दात कोरावा लागत नाही की भूल द्यावी लागत नाही. दात साफ करून आम्लाचा लेप लावतात, धुतात, सुकवतात आणि ब्रॅकेट चिकटवून निळ्या प्रकाशाने तो घट्ट करतात. दुखायला लागते ते काही तासांनी. साधारण चोवीस तासांत ठणका सर्वांत जास्त असतो आणि आठवड्याच्या आत ओसरतो. पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी तार बदलली किंवा आवळली की थोडे असेच होते. तेवढे दिवस वरण-भात, मऊ खिचडी, उपमा, दूध-पोळी कुस्करून असे खाणे सोपे जाते. गोळी घ्यावीच लागली तर बहुतेक डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात, कारण सूज उतरवणारी काही औषधे दात सरकवणाऱ्या रासायनिक क्रियेत अडथळा आणू शकतात. गालाला आणि ओठाला ब्रॅकेट घासून छाले येतात. त्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेणाचा छोटा गोळा. हे मेण दवाखान्यातून मिळते. दोन-तीन आठवड्यांत गाल सरावतो.

यानंतरचा बराचसा उपचार घरातल्या बेसिनसमोर घडतो. तारा लावलेल्या दातावर अन्न अडकण्याच्या जागा कितीतरी वाढतात. अडकलेल्या साखर-पिठावर जिवाणू वाढतात, आम्ल तयार करतात आणि ते इनॅमलमधील खनिजे ओढून घेते. दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटतात. स्वच्छतेची आबाळ झाली तर असे डाग अवघ्या महिन्याभरात दिसू लागतात. दीड वर्षाने ब्रॅकेट निघतो तेव्हा त्याच्याखालचा चौकोन मूळ रंगाचा आणि भोवती पांढरी चौकट, असा दात समोर येतो. दात सरळ झालेला असतो, पण डाग बहुधा पूर्ण जात नाहीत. तारांच्या उपचारातली सर्वांत जास्त आढळणारी हानी हीच आणि ती जवळजवळ पूर्ण टाळता येण्याजोगी आहे, म्हणून तिचा सल जास्त.

ब्रश मऊ हवा आणि तो तिरका धरून प्रत्येक दाताला दोनदा फिरवायला हवा: एकदा ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या पट्टीत, एकदा ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूला. हिरडीलगतची पट्टीच बहुतेकांकडून सुटते. तारेखाली जायला बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ‘इंटरडेंटल’ ब्रश मिळतो. तो दोन ब्रॅकेटच्या मधून वरून खाली आणि खालून वर घालायचा. दोन दातांमध्ये दोरा घालण्यासाठी प्लास्टिकची सुई मिळते. रात्रीचे ब्रश करणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि आम्ल धुऊन जात नाही. टूथपेस्ट फ्लोराइडची असावी. थुंकून झाल्यावर खळखळून चुळा भरत बसू नये, म्हणजे फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहते. मिश्री, राख, कोळसा यांना इथे अजिबात थारा नाही. मिश्री तर तंबाखूच आहे. हिरडीतून रक्त आले की लोक त्या जागी ब्रश लावणे सोडतात. खरे तर तारा असताना येणारे रक्त बहुतेक वेळा तिथे घाण साचल्याची खूण असते आणि तिथेच हलक्या हाताने जास्त लक्ष द्यावे लागते. चार-सहा दिवसांत रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

खाण्याच्या बाबतीत अडचण दोन प्रकारची. कडक आणि चिवट पदार्थ ब्रॅकेट उखडतात, गोड पदार्थ दात किडवतात. मराठी वर्षाचा फराळ पाहिला तर धोक्याचे दिवस ओळखू येतात. संक्रांतीचा हलवा आणि कडक तिळाच्या वड्या, उपवासाची शेंगदाण्याची चिक्की, दिवाळीतली कडबोळी आणि दगडासारखा बुंदीचा लाडू, उन्हाळ्यातली कैरी, थंडीतली बोरे आणि ऊस, वर्षभराची सुपारी. यांतली सुपारी कायमचीच सोडलेली बरी. उकडीच्या मोदकाचे मात्र तारांशी काही वैर नाही, खाल्ल्यावर चूळ भरली म्हणजे झाले. पेरू आणि सफरचंद फोडी करून मागच्या दाढांनी खावे, कणीस सोलून दाणे खावेत, भाकरी ताजी आणि आमटीत भिजवून खावी. पुढच्या दातांनी काहीही तोडायचे नाही, एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मे ब्रॅकेट वाचतात. पेन्सिल चावणे, नखे खाणे, बर्फ फोडणे हेही त्यातच आले.

हळदीचा प्रश्न खास आपला. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रबरी कड्या रोजच्या आमटी-भाजीने चार दिवसांत पिवळ्या होतात. दातांच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट जास्त पैसे मोजून लावणाऱ्यांची यामुळे निराशा होते. ब्रॅकेट फारसा रंगत नाही, कडी रंगते, आणि ती पुढच्या भेटीत बदलली जाते. करड्या किंवा गडद रंगाची कडी मागून घेतली की हा प्रश्न उरत नाही.

एक ब्रॅकेट निघाला म्हणजे तो दात तारेच्या पकडीतून सुटला. पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत थांबले तर तेवढ्या काळात तो मागे सरकू शकतो. म्हणून लगेच फोन करावा आणि तुकडा जपून ठेवावा. तारेचे टोक गालात टोचत असेल तर मेण लावावे, किंवा पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ रबराने ते हळूच दाताकडे वळवावे. ब्रॅकेट गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जातो. पण ठसका थांबत नसेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा गिळताना दुखत असेल तर तातडीने रुग्णालयात जावे. मारामारीचे किंवा चेंडूचे खेळ खेळणाऱ्यांनी तारांवर बसणारे मोठे माउथगार्ड वापरावे. एमआरआय करायचा झाल्यास तारा असल्याचे आधी सांगावे, कारण धातूमुळे चेहऱ्याच्या भागाचे चित्र बिघडते.

उपचाराच्या उत्तरार्धात वरच्या आणि खालच्या दातांची जुळणी करण्यासाठी बारीक रबरबँड दिले जातात. ते रुग्णाने स्वतः आकड्यांत अडकवायचे, जेवताना काढायचे, रोज नवे घ्यायचे आणि दिवसातले वीसेक तास ठेवायचे. उपचार लांबतो तो इथे. शाळेत लाज वाटते म्हणून फक्त रात्री लावलेले रबर जवळजवळ न लावल्यासारखेच, कारण हाडाच्या पेशींना सतत संकेत मिळावा लागतो. दोन दिवस विसरले म्हणून तिसऱ्या दिवशी दोन-दोन रबर लावणे त्याहून वाईट.

पारदर्शक अलाइनर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात निघाले. संगणकावर आखलेल्या क्रमाने प्लास्टिकचे साचे एकामागून एक वापरायचे असतात. दिवसाचे वीस ते बावीस तास ते दातांवर हवेत. साध्या पाण्याखेरीज काहीही खाता-पिताना काढायचे आणि पुन्हा घालण्याआधी दात घासायचे. दिवसातून पाच वेळा चहा घेणाऱ्यासाठी हे गणित अवघड आहे. सौम्य दाटी आणि फटी यांत अलाइनर चांगले काम करतात. गुंतागुंतीच्या जुळणीत तारांची पकड अजूनही सरस ठरते. डॉक्टरने तोंड न पाहता टपालाने अलाइनर पाठवण्याचा धंदा मात्र वेगळा. अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही या व्यवहारातली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर राहिले. त्याहून धोकादायक म्हणजे इंटरनेटवर पाहून पुढच्या दोन दातांना रबरबँड बांधणे. दात मुळाकडे निमुळते होत जातात, त्यामुळे रबर हिरडीखाली सरकते, हाड नष्ट करते आणि निरोगी दात गळून पडतात.

तारांमुळे काही दातांच्या मुळांची टोके किंचित झिजतात. बहुतेकांत ही झीज इतकी अल्प असते की तिचा उपद्रव होत नाही. थोड्यांमध्ये ती जास्त होते, म्हणून मध्यंतरी एक्स-रे काढून पाहतात आणि गरज पडल्यास उपचार काही महिने थांबवतात.

ब्रॅकेट निघाल्यावर घरच्यांना वाटते की काम संपले. हाडाचे तसे नसते. मुळाभोवतीच्या पडद्याची नवी घडी बसायला तीन-चार महिने लागतात आणि हिरडीतील लवचीक तंतू वर्षभर दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. शिवाय जबडा वयानुसार बदलत असतो. तारा कधीच न लावलेल्या माणसांच्याही खालच्या पुढच्या दातांची दाटी चाळिशीपर्यंत वाढते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांची, रिटेनर (सरळ झालेले दात जागी धरून ठेवणारे साधन) बंद करून दहा वर्षे झाल्यावर, पुन्हा तपासणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे झालेले आढळले. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून दात वाकडे होतात, या समजुतीला आधार मिळालेला नाही. त्यामुळे केवळ त्या भीतीने अक्कलदाढ काढण्यात अर्थ नाही.

म्हणून रिटेनर. काढता येणारा रिटेनर सुरुवातीचे काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि नंतर दीर्घकाळ रात्री वापरतात. तो थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. गरम पाण्यात प्लास्टिक वाकडे होते. हॉटेलात जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की उष्ट्यासोबत कचऱ्यात गेलाच म्हणून समजावे, त्यापेक्षा डबी खिशात बाळगावी. दुसरा प्रकार दातांच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या बारीक तारेचा. तो विसरता येत नाही हा त्याचा गुण. पण त्याभोवती दगडासारखे कीटण साचते, म्हणून खालून दोरा फिरवावा लागतो आणि तो एखाद्या दातावरून सुटला तर जिभेला सहसा पत्ताही लागत नाही. वर्षातून एकदा तरी दवाखान्यात तो तपासून घ्यावा. काढता येणारा रिटेनर काही दिवसांच्या खंडानंतर घट्ट बसला, तर दात हलू लागले आहेत. तो रोज घालून पुन्हा सैल होईपर्यंत सोडू नये. मुळीच बसत नसेल तर जोर करून दाबू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवून नवा करून घ्यावा.